शोधायला वेळ धरलेला नाही

डिझेल इंजिनाची गळती खाली पडलेल्या थेंबावरून ओळखू नये. तेल वर कुठेतरी सुटतं, इंजिनाच्या अंगावरून वाट काढत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टाशी जमून टपकतं. त्या बोल्टाचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो, पण पहिला पाना त्याच्यावरच पडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं. हे मला आयटीआयमध्ये कुणी शिकवलं नाही. भलतीच सीलं बदलून आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन शिकलो. आता पन्नाशी उलटली, तरी थेंब दिसला की हात आधी खालीच जातो, आणि मग मी मनातल्या मनात स्वतःला एक शिवी हासडतो.

मी बोरी बुद्रुकचा. नारायणगावजवळ हायवेला लागून ट्रॅक्टरची एक शोरूम आहे. तिच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. पुढे काच, एसी आणि हार घातलेले नवे ट्रॅक्टर, मागे आम्ही. जुन्नर-आंबेगावातले ट्रॅक्टर आमच्याकडे येतात ते कांद्याच्या वावरातला चिखल अंगावर घेऊन. उसाचं पाचट कुठे कुठे शिरलेलं असतं ते काढता काढता कंटाळा येतो. बोल्ट गंजून बसलेले असतात.

वॉरंटीतल्या प्रत्येक कामाला कंपनीने वेळ ठरवून दिलेला असतो. हे सील बदलायला इतका, तो पंप उतरवायला इतका. साहेबांच्या कॉम्प्युटरमध्ये त्याचा तक्ता आहे. कंपनी वर्कशॉपला तेवढ्याच वेळाची मजुरी देते आणि आम्ही चांगले की वाईट हेही त्याच वेळावरून ठरतं. हा वेळ ज्याने कुणी मोजला, त्याने तो धुऊन पुसून ठेवलेल्या नव्या ट्रॅक्टरवर, फरशीवर उभं राहून मोजला असणार. त्या गृहस्थाला एकदा मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली आणावं आणि हंगामभर ऊस वाहिलेला ट्रॅक्टर त्याच्या हवाली करावा. चहा मी पाजतो.

पण खरं दुखणं त्याहून मोठं आहे. तक्त्यात बदलायला वेळ आहे, शोधायला नाही. गळती शोधायची तर इंजिन आधी धुवायचं, वाळवायचं, मग त्यावर अंगाला लावायची साधी पावडर मारायची आणि चालू करून बघत बसायचं. जिथे पांढऱ्यावर पहिला ओला डाग उमटतो तिथे चोर. पावडरचा डबा मी घरून आणतो. बायको म्हणते, "घरात माणसाला पावडर मिळंना, आन् तुमचे ट्रॅक्टर तोंडाला लावून मिरवत्यात." या बघण्यात अख्खी सकाळ जाते. तक्त्याप्रमाणे मी त्या सकाळी काहीच केलेलं नसतं.

निरगुडसर गावचा तो ट्रॅक्टर पहिल्यांदा आला तेव्हा कांद्याची लागवड जवळ आली होती. घर धनगराचं. पूर्वी मेंढरांचा मोठा कळप होता, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे. आता शेती, आणि दाराशी राहिलेली थोडी मेंढरं. ट्रॅक्टर घेऊन आला तो मुलगा, म्हणजे चाळिशीचा बाप्या. शेजारी मडगार्डवर त्याचा म्हातारा बाप बसून आला होता, डोक्याला लाल पटका आणि चेहऱ्यावर ट्रॅक्टरशी आपला काही संबंध नसल्याचा भाव.

"मिस्त्री, तेल गळतंय बगा," मुलगा म्हणाला. "शेडात रोज काळा डाग पडतो. वरचीवर तेल घालावं लागतं."

मी बघितलं तर ट्रॅक्टर आरशासारखा लख्ख. एक डाग नाही. "हे काय, धुऊन आणलाय का?"

"मग? मळका कसा आनायचा?" हे म्हातारा बोलला. एवढंच बोलला.

लोकांना मी कायम सांगतो, गळणारा ट्रॅक्टर धुऊन आणू नका. डॉक्टरकडे जाताना माणूस ताप घरी ठेवून जातो का? पण त्या घरची रीत वेगळी होती, हे मला पुढे कळलं. मेंढरांची लोकर कातरायच्या आधी त्यांना ओढ्यावर नेऊन धुतात. परक्या माणसाचा हात लागायचा तर जनावर स्वच्छ पाहिजे. तोच नियम त्यांनी ट्रॅक्टरला लावला होता.

धुतलं तरी आतलं धुतलं जात नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात त्या हाउसिंगला खाली एक भोक असतं, त्यातून थेंब पडत होता. तिथे तेल आलं म्हणजे क्रँकचं, इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलं, असं आमच्या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल. ते सील बदलायचं तर ट्रॅक्टर कमरेतून दोन भागांत वेगळा करावा लागतो. पुढचा भाग जॅकवर, मागचा चाकांवर, मग क्लच, मग फ्लायव्हील, आणि मग कुठे ते हातभर आत बसलेलं रबराचं कडं दिसतं. आम्ही ते केलं. तक्त्यातला वेळ आम्ही ट्रॅक्टर वेगळा करण्यातच संपवला होता. पण काम चोख झालं. चालवून बघितलं, कोरडं ठाक.

लागवड संपायच्या आत ट्रॅक्टर परत दारात. पुन्हा लख्ख धुतलेला, पुन्हा मडगार्डवर म्हातारा. पुन्हा त्याच भोकातून थेंब.

एकच काम दुसऱ्यांदा आलं की कंपनी त्याला रिपीट म्हणते आणि मिस्त्रीच्या नावावर टाकते. दुसऱ्यांदा सील बदललं ते मी एकट्याने, कुणाला हात लावू दिला नाही. क्रँकवर बोटं फिरवली, ओरखडा नाही. सील बसवताना श्वाससुद्धा जपून घेतला. पावडर मारून सबंध सकाळ इंजिन चालवलं आणि समोर पालथ्या डब्यावर बसून राहिलो. एक डाग उमटला नाही. आमचे साहेब मला काका म्हणतात. पोरगा कोल्हापूरकडचा आहे, वाईट नाही, त्यालाही वरून कुणीतरी विचारतंच. त्याने मला आत बोलावलं आणि मान खाली घालूनच सांगितलं, "काका, हा ट्रॅक्टर तिसऱ्यांदा आला तर मला तुम्हाला इंजिनवरून काढावं लागेल. डिलिव्हरीला टाकावं लागेल. माझ्या हातात राहणार नाही."

डिलिव्हरीला म्हणजे नवे ट्रॅक्टर धुवायचे, हवा-पाणी बघायचं, रिबीन बांधायची आणि गिऱ्हाइकाला चावी द्यायची. आमच्याकडे ते काम नवख्यांना देतात, नाहीतर ज्यांच्या हातून आता काही होत नाही अशांना. मी इंजिनाचा माणूस. मला दुसरं काही येत नाही, आणि यावं असं कधी वाटलंही नाही. शेडमध्ये कुठलंही इंजिन चालू झालं की न बघता त्याचं दुखणं कळतं, एवढीच माझी कमाई. त्या दिवशी घरी गेलो तर जेवण गेलं नाही. बायकोला म्हटलं, पित्त झालंय.

महिनाभराने निरगुडसरचा फोन आला. "मिस्त्री, पुन्हा गळतंय. उद्या आनू का?"

"आणू नका," मी जवळजवळ ओरडलोच. "धुऊ नका, पुसू नका, हातसुद्धा लावू नका. मीच येतो."

गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन गळती बघण्याला तक्त्यात वेळ असण्याचा प्रश्नच नव्हता. सुट्टीच्या दिवशी सकाळी मोटारसायकलला पान्यांची पिशवी अडकवली आणि निघालो. रस्त्यात मला स्वतःचाच राग येत होता. असल्या सुट्ट्या मी किती घालवल्या आणि कुणासाठी, हे माझं मलाच सांगता आलं नसतं. सुट्टीच्या दिवशी नातवाला घेऊन ओतूरच्या बाजाराला जायचं ठरलं होतं, तेही राहिलं.

ट्रॅक्टर वावराच्या कडेला चालू ठेवलेला होता. यावेळी तो खराखुरा ट्रॅक्टर दिसत होता, चिखलाने माखलेला आणि खालून तेलाने ओला. मी वाकलो आणि पहिल्यांदा नजर गेली ती तेल मोजायच्या पट्टीवर. पट्टी आपल्या जागेवरून बोटभर वर उचलली गेली होती आणि तिच्याभोवती तेलाचे बुडबुडे फुटत होते. मी ती दाबून बसवली. ती पुन्हा वर आली.

मला लगेच कळलं. चालत्या इंजिनाच्या पोटात वाफ तयार होते, ती बाहेर जायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. इंजिनाचं नाकच ते. नाक बंद झालं की वाफ कोंडते आणि मिळेल त्या फटीतून तेलाला बाहेर ढकलते. सील कितीही नवं असो, आतून कुणी ढकलत असेल तर ते काय करणार? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तेही दोनदा. मी ब्रीदरच्या नळीत बोट घातलं. बोटाला काहीतरी मऊ लागलं. पक्कड घालून ओढलं तर काळा, तेलाने चिंब झालेला बोळा निघाला. चिंधी असेल म्हणून बोटांनी उकलला, तर ती लोकर होती. मेंढीची.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "ही कुनी कोंबली?"

कुणी ते दोघांनाही कळलं. आम्ही घराकडे गेलो.

घरामागे शेड होती, तीन बाजूंनी जाळी मारलेली. आमच्याकडे उसात बिबटे राहतात, त्यामुळे मेंढरं उघड्यावर ठेवायची सोय उरलेली नाही. शेडच्या चौथ्या बाजूला दार नव्हतं. रोज संध्याकाळी मेंढरं आत घेतली की त्या तोंडाशी ट्रॅक्टर आडवा लावायचा, तेच दार. आणि थंडीची कोकरं गरम इंजिनाखाली येऊन झोपायची. ब्रीदरच्या नळीतून ट्रॅक्टर बंद केल्यावरही थोडं तेल ठिबकतं, ते सगळ्यांच्याच ट्रॅक्टरचं ठिबकतं. इथे ते कोकरांच्या पाठीवर पडायचं. म्हातारा शेडच्या कडेला बसून चातीवर लोकरीचं सूत काढत होता. मी तो बोळा त्याच्यापुढे धरला.

"बाबा, हे तुम्ही घातलं?"

"व्हय."

"कशाला?"

"कोकरांच्या अंगावर तेल पडतंय. लोकर खराब व्हती. मग नळीत बोळा सारला, बंद झालं." त्याने माझ्याकडे असं बघितलं की एवढं साधं या मिस्त्रीला कसं कळेना.

"आणि वर्कशॉपला आणलं तेव्हा?"

"तवा काडला की. धुताना. परक्याकडं न्यायचं तर नाकातोंडात घान ठिवून न्यायचं व्हय?"

मग माझा तोल गेला. मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दोनदा ट्रॅक्टर कमरेतून वेगळा केला, माझी कंबर मोडली, माझी नोकरी जायची वेळ आली, आणि तुम्ही एक बोळा काढता-घालता, आणि शेजारी मडगार्डवर बसून गंमत बघता! मुलगा मध्ये पडला, "मिस्त्री, जाऊ द्या राव, म्हातारं मानूस हाय." म्हाताऱ्याने चाती खाली ठेवली. तो रागावला नाही की खजील झाला नाही.

"मला कुनी इचारलंच न्हाई," तो म्हणाला. "मी तिथंच बसल्यालो व्हतो दोन्ही टायमाला."

तो बसलेला होता, खरंच. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. ट्रॅक्टर घरी कुठे उभा करता, कसा उभा करता, खाली काय असतं, असं दोन मिनिटं विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळं निघालं असतं. पण आम्ही विचारायचं केव्हा? पुढचा ट्रॅक्टर दारात उभा असतो आणि घड्याळ चालू असतं.

पिशवीत रबरी पाइपाचा तुकडा होता. तो ब्रीदरला जोडला, क्लिप आवळली आणि दुसरं टोक चाकाच्या बाहेरच्या बाजूला नेऊन तारेने बांधलं. तेल आता कोकरांपासून लांब पडणार होतं. चहा व्हायच्या आत काम झालं. इंजिन चालू केलं, पट्टी जागेवर बसून राहिली. म्हातारा वाकून बघत होता. "आसं आदीच केलं आसतं तर," असं तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता म्हणून मला जास्त लागलं.

निरगुडसरच्या फोनची तक्रार कॉम्प्युटरमध्ये चढली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगणं भागच होतं. लोकरीचं खरं सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. दोन्ही रिपीट माझ्या नावावरून गेले असते. पण मग कंपनीच्या भाषेत ती गिऱ्हाइकाने केलेली छेडछाड झाली असती आणि त्या ट्रॅक्टरची उरलेली वॉरंटी बंद. पुढे काहीही मोडलं की त्यांना दाखवलं असतं हेच. मी म्हणालो, "ब्रीदर बंद झाला होता. साफ केला, पाइप वाढवला. आता गळत नाही."

"कशाने बंद झाला?"

"धुळीने."

लोकांना यात माझा मोठेपणा दिसेल. मला तर फक्त दमल्यासारखं झालं होतं. लोकर, कोकरं, बिबट्या आणि बिनदाराची शेड हे सगळं फोनवर पुण्यातल्या कुणाला तरी, मग त्याच्या वरच्या कुणाला तरी समजावत बसायचं, त्यांनी फोटो मागायचे, आणि त्या म्हाताऱ्याला तिथे चोरासारखं उभं करायचं, एवढं बळ माझ्यात राहिलं नव्हतं. धूळ हा शब्द लहान होता. तोच वापरला.

साहेबाने ते कॉम्प्युटरमध्ये भरायला घेतलं. "काका, धुळीने बंद झाला म्हणजे सर्व्हिसिंगला ब्रीदर साफ केला नाही असा अर्थ निघतो. सर्व्हिसिंग आपलंच. म्हणजे चूक पुन्हा आपलीच." मी म्हणालो, "मग तसं समजा." ट्रॅक्टर तेव्हापासून गळलेला नाही. पण कुठला पार्ट बदलला नाही म्हणून कॉम्प्युटरला गळती थांबल्याचं पटत नाही. पुढच्या सोमवारपासून मी डिलिव्हरीला लागलो.

पहिले काही दिवस मी मागच्या शेडकडे बघायचं टाळलं. इंजिनाचा आवाज ऐकू यायचा, त्याचा टॅपेट सैल होऊन वाजतोय हे कळायचं, आणि हातात धुवायच्या पाण्याचा पाइप असायचा. शोरूमच्या पोरी मला चहा आणून देतात, काम हलकं आहे, संध्याकाळी कपडे स्वच्छ असतात. बायको म्हणते, बरं झालं, वास तरी येत नाही डिझेलचा. मी तिला हो म्हणतो. रात्री उगीच हात हुंगतो आणि मला वाईट वाटतं.

मध्यंतरी निरगुडसरचा ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला आला. धुऊनच, आणि मडगार्डवर म्हातारा. मुलगा थेट माझ्याकडे आला, "मिस्त्री, आमचं इंजिन तुमच्याच हाताखाली द्या बगा. दुसऱ्या कुनाला हात लावू देनार न्हाई."

"मी आता इंजिनाला नसतो," मी म्हणालो. "डिलिव्हरी बघतो."

"का हो? कुनी काडलं?" त्याने एकदम बापाकडे बघितलं. त्याच्या डोक्यात काय आलं ते मला दिसलं.

"छे, काढतंय कोण," मी घाईने म्हणालो. "पाठ धरली. वाकता येत नाही. मीच मागून घेतलं हे काम."

मुलाला हायसं वाटलं. "मग बेस केलं, जपा राव," म्हणत तो ट्रॅक्टर घेऊन मागे गेला. म्हातारा माझ्याजवळच राहिला. मी एक नवा ट्रॅक्टर धूत होतो, त्याच्या चाकाखालचा खडा काढायला वाकलो आणि सरळ झालो. तो बघत होता. शोरूमच्या पायरीवर बसत तो हळू आवाजात म्हणाला, "पाटीला काय बी झाल्यालं न्हाई तुज्या."

मी पाइपाचं तोंड चाकावर धरलं.

"लोक मला इचारत्यात, एवढी मेंढरं व्हती, का इकली म्हून," तो म्हणाला. "मी बी गुडग्याचं सांगतो. गुडगं गेलं म्हंतो. खरं तर अजून शिवनेरी चडून यीन."

नळाचं पाणी तसंच वाहत राहिलं. नोकरीतली जागा गेल्यापासून घरात की वर्कशॉपात, कुणापुढे माझे डोळे ओले झाले नव्हते. ते तेव्हा झाले. म्हातारा उगीचच हायवेकडे तोंड करून बसला आणि त्याचा मुलगा परत येईपर्यंत तिकडेच बघत राहिला.